तेवीस हर्ट्झ

हिंगणा एमआयडीसी, रात्रीचा दीड.
शेहेचाळीस अंशांचा दिवस अजून भिंतीत मुरलेला.
क्रिस्टल मात्र आपल्या भट्टीत, ऐंशीवर, निवांत;
त्याला नागपूरचा उन्हाळा गारच.

स्क्रीनवर नॉइजचा उतार घरंगळत येतो,
मध्येच एक काटा, तेवीस हर्ट्झवर.
पन्नासवर असता तर
वीजमंडळाला शिव्या घालून झोपलो असतो.
हा कोणाचा?

सुलभा उके एकेक प्लग उपटते.
ट्यूबलाइट. चार्जर. वॉचमनचा रेडिओ.
काटा जागचा हलत नाही.
"कूलर बंद कर नं बापा."
पंखा रेंगाळत थांबतो,
काटा विरतो.
वाळ्याचा वास, घाम.

उरते ती तळाची सरसर,
जिला प्लग नाही.
ती कोणाची, हे एकटा ऑसिलेटर सांगत नाही;
शेजारी दुसरा ठेवावा लागतो.

दुसराही थरथरतोच.