चाकाला दगड

आधी ब्रेक मारायचा नाही, राजमणी.
पाय शिवशिवेल, तरी नाही.
मागचं चाक फडफडायला लागलं,
टेम्पो एका कुशीवर कलला,
की स्टेअरिंग धर दोन्ही हातांनी,
तुझी आई विड्या वळताना मांडीवरचं सूप धरते तसं,
आणि गाडीला तिच्या मनानं दमू दे.
आमचा उस्ताद, इस्माईल नदाफ, म्हणायचा,
"टायर बसला तर गाडी बसत नाही बे,
ड्रायव्हर बसतो."

डांबराच्या खाली घे, पार खाली.
रिम वाकली तर वाकू दे.
इंडिकेटर चारी लाव. लागत नसतील
(तुझ्या अण्णाच्या हयातीत कधी लागले?)
तर लोडमधला एक टॉवेल काढ, लाल,
मागच्या कडीला बांध.
शेठ हैदराबादला मोजेल, एक कमी भरेल.
भरू दे.

नट आधी सैल करायचे,
चाक जमिनीला टेकलेलं असताना.
अधांतरी चाक पान्याबरोबर नुसतं फिरतं,
बिनकामाच्या माणसासारखं.
पाना हलत नसेल तर त्यावर उभी राहा,
तुझ्या वजनानं नाही भागलं तर पाइप जोड.
मे महिन्यात नट उघड्या हातानं धरू नकोस.
जॅकखाली फळी हवीच,
आपली काळी माती जॅक गिळते.
आणि काहीही घरंगळत आत गेलं,
नट, मोबाईल, सोन्याचा मणी,
गाडीखाली डोकं घालायचं नाही.
कसताना समोरासमोरचे कस, रांगेनं नाही.
रांग फक्त रेशनला.

हां, स्टेपनी.
अक्कलकोट रोडला माल भरतानाच लाथ मारून बघ.
ठण्ण वाजली पाहिजे.
दबकी वाजली तर आधी तिचं बघ, मग चहा.

कुणीतरी थांबेलच.
"बाई चालवायलीय व्हय?" म्हणेल.
म्हणू दे. पाना त्याच्या हातात दे.

आता दगडाचं.
चाकाला लावायला डोक्याएवढे दोन घे,
उताराच्या अंगाला.
आणि काम झालं की...
हे शेवटी सांगतोय, कारण शेवटचंच विसरतं.

शहाण्णव साल. बोरामणीच्या पुढं.
रात्रीचे अकरा, रस्ता तेव्हा एकेरी.
चाक बदललं. पाना, जॅक, फळी
मोजून आत टाकली.
डिझेलनं हात धुतले, धुऱ्यावर विडी ओढली,
निघालो.
नळदुर्गच्या अलीकडं दिव्यात एक दगड दिसला,
दुसऱ्याच कुणीतरी टाकून गेलेला,
आणि माझ्या पोटात काहीतरी पडलं.

गाडी फिरवली.
समोरून येणारी एकेक मोटारसायकल मोजत आलो,
म्हणजे एवढे तरी तिथून नीट निघाले.
सात आल्या.
आठवी येईना.

एक दगड होता, चाकाजवळ मी ठेवला तिथंच.
दुसरा नव्हता.
बॅटरी मारली. काच नाही. चप्पल नाही.
माझं विडीचं थोटूक होतं,
म्हणजे जागा तीच.
खड्ड्यात उतरून बघितलं, पलीकडच्या तुरीत बघितलं,
हाका मारल्या. काय म्हणून मारायच्या?
"अहो" म्हणून मारल्या.
बोरामणीच्या चहावाल्याला उठवून विचारलं,
त्याला काही माहीत नव्हतं.
कुणी उचलून टाकला असेल.
असेल.

तो उरलेला मी गाडीत घातला.
तुझा अण्णा विचारायचा, सीटखाली धोंडा कशाला?
आता टेम्पो तुझा आहे,
ठेव नाहीतर टाक. टाकलास तर रस्त्यापासून लांब.

मी अजून उतरतो.
डांबरावर दगड दिसला की गाडी कडेला घेतो,
उचलतो, शेताच्या बांधावर ठेवतो,
गुडघे कुरकुरतात.
परवा एका फेरीत चार.
शेठचा फोन येतो, उशीर का?
पंक्चर होतं, म्हणतो.