साच्यातलं हरीण

नव्या इमारतीच्या पार्किंगसाठी आखलेल्या जागेत
आम्ही सात जणी बसतो, साठीच्या पुढच्या,
गळ्यात टॉवेल, गुडघ्याखाली उशी.
तासाच्या बोलीवर माती खरवडतो.
शेजारच्या खाचरात आज पाणी सोडलंय,
बेडूक आमच्याहून जास्त बोलतात.

उराबेसान, वय सव्वीस, आमचे साहेब,
सांगतात: इथे ओतारी राहायचे, बावीसशे वर्षांपूर्वी.
ही भाजून लाल झालेली जमीन, ही भट्टी.
हा मातीचा वाकडा नळ, भात्याचं तोंड.
मी मान डोलावते. भट्टी मला माहीत आहे.
नवरा ओसाकात बत्तीस वर्षं पंपाचे भाग ओतायचा.
वाडगा उचलला की दिसायचे
मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे डाग,
तीळ सांडावेत तसे.
"धातूला घाई असते," म्हणायचा, "आणि ओलीचा राग."

मंगळवारी माझ्या खुरपीला साचा लागला.
अर्धाच. वालुकाश्माचा, आतून काळवंडलेला.
ब्रश फिरवला तर हरीण,
डावीकडे तोंड केलेलं.
म्हणजे घंटेवर ते उजवीकडे पळणार.

या साच्याची घंटा कुठेच सापडलेली नाही, साहेब म्हणाले.
डोंगरात पुरलेली असेल अजून.
वितळवून आरसा केला असेल.
किंवा ओतलीच नसेल नीट. हे बघा, तडा.
तड्यात मातीचा लेप, बोटाने दाबलेला.
मी माझं बोट जवळ नेलं.
लावलं नाही. तसा नियम आहे.

कांसं निसटून पायावर आलं का रे तुझ्या?
पलीकडच्या गावाला घंटा कबूल केलेली,
लावणी तोंडावर,
सगळे ओरडून आपापल्या घरी गेलेले,
आणि तू चिखल मळत बसलास,
एवढ्या मेहनतीने कोरलेल्या हरणाकडे न बघता.

नवऱ्यानं एकदा बिघडलेला एक भाग घरी आणला होता,
डब्याच्या फडक्यात लपवून.
कशाचा, का, मी विचारलं नाही.
मुळ्याच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवून दिला.
वजन चांगलं आहे.

पाच वाजता साच्याला पिशवी, पिशवीला नंबर: चारशे बारा.
कानेयो म्हणाली, चल, बस चुकेल.
खाचरात एक बगळा उभा होता,
घंटांवर असतात तसाच, मान लांब, तोंडात मासा.
आम्हाला बघूनही हलला नाही.

घरी हात धुतले, बरणी पुढे ओढली,
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा
ते वजन उलटं करून, दिव्याखाली धरलं.