टकळी

काळीत पऱ्हाटी. पांढरीत गाव असायला हवं,
पण आमच्या पांढरीत फक्त टेकाड आहे,
भिवापूरकडून आलं की बोडीच्या पलीकडे;
आधी रानडुकरांनी उकरलं, मग आम्ही.

वैरागडे मॅडम अकरा वर्षं दुसऱ्या मातीत होत्या.
मेक्सिकोत. तळ्यात उभं केलेलं एक शहर,
त्याच्या बाजारात कोकोच्या बिया मोजल्या
की ससा मिळायचा.
लोक तिथे देवळांच्या पायऱ्या चढायला जातात.
मॅडमनी डोंगरउतारावरची घरं खणली,
दहा पावलांत संपणारी, मातीच्या विटांची.
"राजा कुठे झोपायचा ते सगळ्यांना ठाऊक आहे,
मला उकिरडा दाखवा."
आणि उकिरडा ओळखण्यात पार्बताबाई निमजेचा हात धरणारं
अख्ख्या मौजात कुणी नव्हतं.

डबे उघडले की त्यांचं भांडण.
मॅडम म्हणत, हा टमाटा तिकडचा, नावासकट.
हे सीताफळ तिकडचं. ही मिरचीसुद्धा.
टमाट्यापर्यंत बाई ऐकून घ्यायची.
"मिरची भिवापूरची आहे जी.
तिकडून कायले येईन?"

गुरुवारी, चौथ्या थरात,
जांभळाएवढी मातीची चकती निघाली,
मधोमध भोक, कडेला नखाच्या रेघा.
मणी, मी म्हणालो.
बाईनं ती पदराला पुसली,
तुराटीची काडी भोकात बसवली
आणि खापराच्या खोलगटात टेकवून
चिमटीनं फिरवली.
गर्र.
थोडी लटपटली, मग उभी राहिली.
निघालेल्या वस्तूला असं काही करायचं नसतं,
हे मॅडमनीच आम्हाला तीनदा शिकवलेलं.
त्या उकिडव्या बसून बघत राहिल्या.

"तिथेही हीच," खूप वेळानं म्हणाल्या.
"अशीच वाटीत फिरवायच्या. कापसाचंच सूत.
दर ऐंशी दिवसांनी गावानं
कापडाचे गठ्ठे शहराला पोचवायचे."
"आन् शहर काय देत होतं?"
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"शहर हिशेब ठेवत होतं.
झाडाच्या सालीच्या कागदावर, चित्रं काढून."
"बाईचं चित्र?"
"गठ्ठ्याचं."

दुपारभर चाळणी हलत राहिली.
गानवीर मुकादम रोज ओरडायचा,
तोंडाची टकळी बंद कर गं पार्बता;
त्या दिवशी तोच येऊन विचारून गेला,
अंगात ताप आहे का म्हणून.

संध्याकाळी चिठ्ठी भरायला मी बसलो.
खड्डा: ब-तीन. थर: चार.
वस्तू: टकळीची चकती. नग: एक.
कुणाला सापडली, याला रकाना नाही.
शेऱ्याच्या रकान्यात दोन इंच जागा असते,
तिथे लिहिलं: पार्बता सोमा निमजे, कोष्टी,
फिरवून पाहिली, फिरते.
मॅडमनी वाचलं. खोडतील असं वाटलं.
त्यांनी फक्त "तारीख टाक" म्हटलं
आणि पिशवीच्या दोऱ्याला
एकाऐवजी दोन गाठी मारल्या.

शनिवारी मस्टरवर बाईनं अंगठा उठवला,
शाई टेकाडाच्या मातीला पुसली,
रिकामं टोपलं डोक्यावर पालथं घालून निघाली.
बोडीच्या पाळीपर्यंत ऐकू येत होतं,
कुणाला तरी सांगत होती,
मिरची आपलीच आहे म्हणून.