भिंतीपासून दीड मीटर

जिन्यात नोटीस लागली: गुरुवारी सकाळी आठला
गरम पाण्याचे पाइप बदलायला माणसं येतील,
भिंतीपासून दीड मीटर जागा मोकळी ठेवावी.
दीड मीटर!
अडतीस चौरस मीटरच्या घरात
मग लुद्विकाबाईंनी कुठे उभं राहायचं
तेही लिहायला हवं होतं.

भिंतभर कपाट. सदतीस वर्षं हललं नाही.
वूचच्या सूतगिरणीचा बोनस, रांगेतला नंबर,
थंडीत बधिरलेले पाय, असं घेतलेलं.
झेनॉन म्हणाला होता, आता हे आपल्यानंतरच हलेल.
झेनॉन आधी हलला.

आतलं काढत गेले तसं घर लहान होत गेलं.
पलंगावर बशा, खुर्चीवर पडदे,
बाथटबात वर्तमानपत्रांत गुंडाळलेले ग्लास.
मग ती वर्तमानपत्रंच वाचत बसले, तास गेला.
बटाटे महागले होते. तेव्हाही.

तळाशी खसखस वाटायचं मातीचं भांडं,
आतून रेघारेघांचं, कुणी बोटांनी ओलं शेत नांगरावं तसं.
नाताळच्या आदल्या दिवशी झेनॉन ते गुडघ्यांत आवळायचा,
दांडा फिरवायचा, दर पाच मिनिटांनी विचारायचा,
झालं का?
मी बोटावर घेऊन बघायचे. अजून दाणा लागतोय.
वास घेतला. नुसती माती.
पण रेघेतून नख फिरवलं तर
नखात एक काळा ठिपका आला.

एका मोज्यात धोटा. गिरणीतला. चोरलेला,
शेवटच्या दिवशी, कोटाच्या बाहीतून.
टोकाचं पितळ अजून चकाकतं.
सव्वीस वर्षं त्याची ये-जा बघितली,
तो कधी कुठे पोचला नाही.
कापड पोचायचं, मॉस्कोपर्यंत, असं म्हणत.

तिसऱ्या मजल्यावरच्या कायेतानने
कानातलं गाणं न काढता कपाट ढकललं.
मागे भिंत हिरवी निघाली.
मी विसरूनच गेले होते की आपण हिरवा निवडला होता,
भांडून.

आणि धुळीत, एका बटणाशेजारी,
चमचा.

सासूबाईंच्या सहा चमच्यांतला सहावा.
मखमलीच्या डबीत पाच, सहावा खळगा रिकामा,
पडलेल्या दातासारखा.
पाहुण्यांसमोर डबी मी मुद्दाम उघडी ठेवायची,
म्हणजे कुणीतरी विचारावं,
म्हणजे मला नणंदेचं नाव घेऊन गप्प बसता यावं.
एकोणीस वर्षं बोलले नाही गेनोवेफाशी.
झेनॉनच्या मातीला ती आली तेव्हा
मी पाठ करून उभी होते, पावसात,
छत्री मोठी असून.

नंबर झेनॉनच्या अक्षरात होता. तिनेच उचलला.
आवाज बारीक झालाय तिचा.
म्हटलं, चमचा सापडला.
ती म्हणाली, कुठला चमचा?

मी काही बोलले नाही. तीही नाही.
लांबून तिच्या घड्याळाचे टोले ऐकू आले, चार.
मग म्हणाली, तुमच्याकडे पाइप बदलतायत का?
आमच्याकडे मार्चमध्ये झाले.
भांडी झाकून ठेव. धूळ फार उडते.

गुरुवारी तिघं आले. चहा दिला.
सगळ्यांत तरुण होता त्याने नेमका तोच उचलला,
तीन चमचे साखर घातली, खळखळ ढवळली,
आणि मोरीत टाकला, बाकीच्यांसारखा.

कपाट अजून मागे सरकवलेलं नाही.
कायेतानला म्हटलं, आठवडाभर राहू दे.
त्या पट्टीत एक खुर्ची बसते,
हिरव्या भिंतीला डोकं टेकता येतं.
धोटा खिडकीत ठेवलाय.

रविवारी गेनोवेफा येते म्हणाली, दोन ट्रामी बदलून.
खसखस आणायला हवी.
वाटायला आता कोण बसतंय,
दाणा लागेल.
लागू दे.