पासंग

शब्बाथ शाळेत मी पोरांना शिकवते.
फळ्यावर मेंढपाळ काढते, मेंढरं मात्र नऊच.
बाकीची डोंगरामागं आहेत, असं सांगते.
पोरं माना डोलावतात,
नजर खाऊच्या पुड्यावर.

पप्पांनी मला असं काही शिकवलं नाही.
ते मार्केट यार्डात मापाडी, शांतवन आवळे.
गुळाच्या हंगामात कोपरापर्यंत चिकट,
घरी यायचे तेव्हा चार माश्या सोबत यायच्या.
रात्री प्रार्थनेला बसले की
दुसऱ्या वाक्याला पेंगायचे.
आई कोपरानं ढोसायची,
आणि ते दचकून आमेन म्हणायचे
भलत्याच ठिकाणी.

पण एकदा, पौषातली गोष्ट,
जेवता जेवता त्यांचा हात थांबला.
काटा पुसताना संध्याकाळी
वजनाच्या पारड्याखाली
गुळाचा एक खडा चिकटलेला सापडला होता.
तेव्हा नुसता काढून टाकला.
आता भाकरीसमोर बसून ते बोटं मोजत होते:
बावीस मापं, दर मापाला पाव किलो.
"वडणग्याचा माणूस गं. साडेपाच किलो मारलं त्याचं."
आई म्हणाली, तुम्ही का मारलं? खड्यानं मारलं.
ते काही बोलले नाहीत. टोपी घातली.
अडत्याला विचारलं असतं तर तो हसला असता,
म्हणून डब्यातले घरभाड्याचे पैसे घेतले.

मला नळीवर बसवलं, का कुणास ठाऊक.
शिवाजी पुलावर वारं असं
की पंचगंगा खाली आहे हे कानांनाच कळत होतं.
दिव्याचा डायनामो चाकाला घासत कुरकुरत होता,
आणि पप्पा धापा टाकत होते माझ्या डोक्यावर.

वडणग्यात एक दार उघडलं.
माणूस कांबळ्यातनं हसला,
"अवो मापाडी, येवढ्यासाठी?
सकाळी चाललं नसतं व्हय?"
"सकाळपतोर," पप्पा म्हणाले,
"मी काहीतरी कारण शोधलं असतं."

त्या घरात मला पितळी पेल्यात दूध मिळालं.
परतताना मला वाटलं, आता सांगतील
देवाविषयी काहीतरी.
ते एवढंच म्हणाले,
"पाय गार पडलं का गं?"

संत नव्हते ते.
शेजारच्या पोरीचं शाईपेन मी चोरलं, असं कुणी सांगितलं
आणि त्यांनी मला गल्लीत, नळाला रांग असताना,
थोबाडीत मारली.
पेन दुसऱ्या दिवशी तिच्याच दप्तरात निघालं.
संध्याकाळी नळाला परत रांग लागेपर्यंत
पप्पा उंबऱ्यावर बसून राहिले.
मग मला हाताला धरून बाहेर नेलं
आणि सगळ्या घागरींसमोर म्हणाले,
"माझं चुकलं. हिनं काही घेतलं नव्हतं."
जितक्या लोकांसमोर मारलं, तितक्यांसमोर.
माप पुरं.

हे सगळं आज का आठवावं?
दुपारी फोन वाजला.
मंडळीतल्या जोखाबाईंचा, त्यांना दवाखान्यात न्यायला
कुणीतरी सोबत हवं होतं.
मी एनोशला खुणावलं, सांग, मम्मी घरी नाही.
आठ वर्षांचा आहे तो.
म्हणाला, "मम्मी बाहेर गेलीय, आजी. उशीर होईल म्हणाली."
उशीर होईल, हे त्यानं स्वतःचं घातलं.
अडखळला नाही, डोळाही हलला नाही.
शब्बाथ शाळेत इतकं चांगलं पाठांतर
त्याचं कधी झालं नव्हतं.

पप्पांच्या पासंगालाही मी पुरत नाही,
हे मला ठाऊकच होतं.
पण माझ्या पारड्याखाली काय चिकटलंय
ते आज त्याच्या तोंडून ऐकलं.

सकाळी करीन फोन, असं मनात आलं.
सकाळी.

चष्मा शोधला. नंबर लावला.
एनोशनं बिस्कीट चहातच विसरलंय,
ते मोडून कपात पडलं तरी
तो माझ्याकडंच बघतोय.
रिंग जातेय.
बाई उचलत नाहीत.
मी परत लावते.