तिसरा सामना

देशाचं नाव सांगत नाही,
का, ते पुढे येईल.
एवढासा देश. माणसं कमी, गाई जास्त.
चार-सहा वर्षांनी बोटीत बसायचा
आणि हरून घरी जायचा.

इकडे दाजी पेठेत, मागांच्या खडखडाटात
पुरुषोत्तम चिल्वेरी सगळं टिपून ठेवायचे,
सुताच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या बाजूनं.
काकांचा स्वतःचा सर्वांत लांबचा दौरा:
कुर्डुवाडी.

अठ्ठावन्न: चार सामने, चार पराभव.
त्रेसष्ट: पाऊस, पाऊस, पराभव,
यष्टिरक्षकाचं लग्न.
एकोणसत्तर: पहिला हरले. दुसरा हरले.
तिसऱ्याची बातमीच आली नाही.
रद्दीचे गठ्ठे उलथले,
पार्क मैदानावर पंचांना गाठलं.
रेडिओ नुसता खरखरला.

एका रात्री पाळी सुटल्यावर,
भुवयांवरचा कापूस न झटकता
काकांनी रकाना भरला:
तीन धावांनी विजय.
शेवटचा गडी धावबाद.

वीस वर्षांनी निळं पाकीट.
आमचं कार्यालय जळालं,
तुम्ही नोंदी ठेवता असं कळतं.
काकांनी पानं उतरवली,
सोबत मोराची चादर पाठवली.
तिसऱ्या सामन्याशी हात थांबला होता,
काकू सांगते. मग चालला.

परदेशातला तेवढा एकच विजय
आता त्यांच्या इतिहासात आहे.
माग किलोवर गेले. वही माझ्याकडे.

परवा तिकडच्या एका म्हाताऱ्या खेळाडूचं पत्र आलं:
ती शेवटची फेक माझीच,
मिडविकेटवरून.
ऊन अगदी डोळ्यांवर होतं.