बशीतले केस

बर्नलीत, ऑर्मरॉड आजोबांकडून
चाळीस पौंडांना घेतलेला लॅपटॉप
पाऊण तासात मान टाकायचा,
नुसती फाइल उघडली तरी
दमेकऱ्यासारखा घुरघुरायचा.

रविवारी उपडा केला. अकरा स्क्रू, बशीत.
पंख्याच्या पात्यांत पांढरे केस, नमद्यासारखे थापलेले.
त्यांच्या कुत्र्याचे.
तो मार्चमध्ये गेला, पैसे मोजता मोजता म्हणाले होते,
मी न विचारताच.

चिमट्याने काढले. चिपवरची वाळकी पेस्ट खरवडली,
नवी लावली, मुगाच्या दाण्याएवढी.
मग टर्मिनल उघडून लिनक्सला एकेक ओळ समजावली:
ब्लूटूथला निजव, प्रोसेसरला उगाच पळवू नकोस,
चार्जिंग ऐंशीवर थांबव,
दोन घासांची भूक राहू दे.

आता साडेचार तास चालतो. आवाज नाही.
विजेच्या मीटरमध्ये तीन पौंड उरलेत, हीटर बंद,
आणि मांडीवर हा
इतका गार
की त्याचा ताप उतरवल्याचा पस्तावा होतो.

स्क्रू दहाच बसले.
अकरावा केसांत कुठेतरी असेल, बशी तशीच आहे.
फेकायला उठते, परत बसते.
ऑर्मरॉडना फोन करावा म्हणते,
पण सांगणार काय,
पंखा आता छान फिरतो?